कार्यप्रणाली बदलण्याआधी फायली पाहा

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला एक प्रश्न विचारला. शाळेच्या संगणक कक्षात २०१६ साली घेतलेले दहा संगणक आहेत. सगळे व्यवस्थित चालतात. पण पुरवठादाराचे म्हणणे असे की ते आता निकामी झाले, नवीन घ्या. चालणारे यंत्र निकामी कसे?

पुरवठादाराचे म्हणणे अर्धे खरे होते. या संगणकांवर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती आणि तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही; प्रणालीत पुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी कंपनी नेहमीप्रमाणे विनामूल्य बुजवत नाही. (वाढीव मुदतीची वेगळी योजना आहे, पण तीही कायमची नाही.) पुढची आवृत्ती विंडोज ११. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सुविधा आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. शाळेचे प्रोसेसर सहाव्या पिढीचे होते. म्हणजे यंत्रे शाबूत होती, फक्त त्यांच्यावर चालणारी प्रणाली त्यांना सोडून पुढे गेली होती.

कार्यप्रणाली म्हणजे नेमके काय? शाळेतील पर्यवेक्षकांचे उदाहरण घेऊ. कोणता तास कोणत्या वर्गात, प्रयोगशाळा कधी कोणाला मिळणार, गैरहजर शिक्षकाच्या जागी कोण जाणार, हे सगळे ते ठरवतात. तो तास ते स्वतः शिकवत नाहीत, पण त्यांच्यावाचून शाळा चालत नाही. कार्यप्रणालीही लेखन किंवा गणित करत नाही. प्रोसेसरचा वेळ, स्मृतीतील जागा आणि तबकडीवरील फायली यांची वाटणी ती करते, आणि कळफलक, पडदा, प्रिंटर यांच्याशी बोलते. पर्यवेक्षक बदलले तरी इमारत तीच राहते. तसाच तोच संगणक दुसऱ्या कार्यप्रणालीवर चालू शकतो.

अशी दुसरी प्रणाली म्हणजे लिनक्स. तिचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची वार्ता जाहीर केली. त्याभोवती लागणारी बरीच साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार होत होती. दोन्ही मिळून जी प्रणाली झाली तिची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे पाचशे लिनक्सवर चालणारे होते. अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच.

मी स्वतः प्रयोगशाळेत वीस वर्षे लिनक्स वापरतो. त्यामुळे शाळेचे काम एका दिवसाचे आहे असे मी धरून चाललो. तो अंदाज चुकला, आणि कसा चुकला ते सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात छान झाली. लिनक्सची बहुतेक रूपे पेन ड्राइव्हवरून थेट सुरू करता येतात, हार्ड डिस्कला हातही न लावता. मी एक्सएफसीई हा हलका पडदा असलेले डेबियन घेतले. चार गिगाबाइट स्मृतीच्या त्या संगणकावर ते सुरू झाले, आवाज आला, इंटरनेट आले, प्रिंटरने पानही छापले. मग मराठीच्या सरांनी आपला पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. पहिली फाईल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा ढीग दिसला. सर म्हणाले, "अहो, हे काय झालं?"

काहीच झाले नव्हते. फाईल पहिल्यापासून तशीच होती.

संगणक अक्षर साठवत नाही, अंक साठवतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर हे संकेताने ठरते. जुन्या मराठी-हिंदी फाँटांनी एक युक्ती केली होती. संकेत इंग्रजीचाच ठेवायचा आणि त्या अंकापुढे चित्र मात्र देवनागरीचे काढायचे. सर्वपरिचित कृतिदेव फाँटात 'काम' लिहायला डी, के आणि ई या इंग्रजी कळा दाबतात. फाईलमध्ये १००, १०७, १०१ हे अंक जातात. तो फाँट असला तर 'काम' दिसते. तो नसला की तीन इंग्रजी अक्षरे उरतात. म्हणजे त्या फाईलमध्ये मराठी कधी नव्हतीच. मराठी फक्त फाँटात होती.

युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतःचे अंक आहेत. देवनागरीसाठी मूळ १२८ जागांचा गट आहे. त्यात 'क' म्हणजे २३२५, काना म्हणजे २३६६, 'म' म्हणजे २३५०. कार्यप्रणाली कोणतीही असो, हे अंक बदलत नाहीत. गंमत अशी की युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि इनस्क्रिप्ट कळफलकाचा समावेश असलेले भारतीय मानकही त्याच वर्षीचे. उपाय हाताशी असताना आपण पुढची कित्येक वर्षे इंग्रजी अंकांवर मराठी चित्रे चिकटवत राहिलो. यात दोष विंडोजचा नाही. युनिकोड मराठी विंडोजवरही केव्हापासून लिहिता येते.

मग तो जुना फाँट लिनक्सवर बसवला तर? परवाना असेल तर बसवता येतो आणि मजकूर दिसतोही. पण शब्द शोधणे, शुद्धलेखन तपासणे, दुसऱ्याला पाठवणे हे प्रश्न तसेच राहतात. खरा उपाय म्हणजे रूपांतर. वरवर पाहता ते सोपे वाटते: एका अंकाच्या जागी दुसरा ठेवायचा. प्रत्यक्षात क्रमही बदलावा लागतो. जुने फाँट टंकयंत्राच्या सवयीने चालतात. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी 'क', मग वेलांटी. 'वर्ग'मधला रफार जुन्या पद्धतीत 'ग' नंतर येतो, युनिकोडमध्ये तो आधी लागतो. शिवाय यातील बरीच रूपांतरसाधने हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. हिंदीत आपल्यासारखा आडवा अर्धा 'र' नाही. तेव्हा भूगोलाच्या पेपरात सह्याद्रीतील 'दऱ्यां'चा 'दर्या' होऊ शकतो, आणि मग डोंगरात समुद्र येतो.

विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकांत आणखी एक अडचण. त्यांत मराठीच्या मध्ये इंग्रजी सूत्रे असतात. नुसता मजकूर उचलून रूपांतरात टाकला तर कोणते अक्षर कोणत्या फाँटात होते ही माहिती गळून जाते. साधन सगळ्यालाच मराठी समजते. मिठाच्या रेणुसूत्रातील एन, ए, सी, एल ही चार अक्षरे कृतिदेवच्या तक्त्यातून गेली की 'छंब्स' होतात! त्यामुळे मूळ फाईलमधील फाँट पाहून तेवढेच तुकडे बदलणारे साधन घ्यावे, आणि तरीही छापील प्रतीशी ताडून पाहावे.

जर्मनीतील म्युनिक शहराचे उदाहरण येथे आठवते. तेथील नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. मोठी मेहनत पत्रांचे साचे आणि नमुने नव्याने करण्यात गेली. त्यासाठी वोलमक्स नावाची स्वतंत्र आज्ञावलीच लिहावी लागली. २०१७ मध्ये नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारणही होते, तो भाग वेगळा.

शाळेत आम्ही मग उलट्या क्रमाने गेलो. विंडोज तशीच ठेवून आधी फायली युनिकोडमध्ये आणल्या. त्यानंतर विंडोजवरच लिब्रेऑफिस बसवले. ते दोन्ही प्रणालींवर चालते आणि त्याचा ओडीएफ हा फाईलप्रकार २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. दीड महिना शिक्षकांनी त्यावरच काम केले. तक्त्यांच्या रेघा सरकणे, पान मध्येच तुटणे या तक्रारी त्याच काळात निघाल्या. लिपिकांच्या बोटांत टंकयंत्राची रचना बसलेली होती. त्या रचनेने युनिकोड लिहिण्याची सोय लिनक्सवरही आहे, तेव्हा त्यांना इनस्क्रिप्टचा आग्रह केला नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलांना मात्र इनस्क्रिप्टच शिकवावे असे माझे मत आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, आणि बोलतो त्या क्रमाने कळा दाबायच्या असतात. कार्यप्रणाली सर्वांत शेवटी बदलली. त्याला खरोखरच एक दिवस लागला.

आता कक्षातील नऊ संगणक लिनक्सवर आहेत. शाळेच्या कार्यालयातला संगणक आम्ही बदलला नाही, कारण डिजिटल सहीच्या यूएसबी किल्लीचा ड्रायव्हर तेथे विंडोजसाठीचा होता. दहावा संगणक इंटरनेटपासून तोडून जुन्या विंडोजवर, जुन्या फाँटासह ठेवला आहे. २०१९ च्या आधीच्या प्रश्नपत्रिका अजून त्याच्यावरच उघडतात. मराठीचे सर शनिवारी शाळा सुटल्यावर बसून त्यातील दोन-तीन रूपांतरित करतात.