संगणकातील धूळ : काढावी कशी आणि काय टाळावे?



लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, काट्यावरचे वजन अशा नोंदी आता संगणकात जातात. ऐन गाळपात तो अडला की काट्यापुढे गाड्यांची रांग लागते. मुलांच्या अभ्यासासाठी पुष्कळ सभासदांच्या घरीही संगणक आला आहे. म्हणून त्याच्या निगेविषयी चार गोष्टी सांगतो.

चालू संगणकातला प्रोसेसर तापतो. तो थंड राहावा म्हणून त्यावर धातूच्या पात्या आणि पंखा असतो. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळही येते. पात्यांच्या फटी बुजल्या की उष्णता आतच कोंडते. मग यंत्र मंद चालते, पुढे आपोआप बंद पडते. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर तुंबला की इंजिन दम टाकते, तसेच हे. आपल्या राजूर भागात उन्हाळ्यात रस्त्याची माती उडते आणि पावसाळ्यात हवा दमट असते. धूळ ओलावा धरते, त्याने आतल्या जोडांना गंज चढतो.

साफसफाई अशी करावी :

१. कामाच्या नोंदींची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवावी. संगणक रीतसर बंद करून प्लग काढावा. नंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबावे, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते.

२. पेटी ओट्यावर किंवा अंगणात न्यावी. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला सुमारे ३००० व्होल्टला जाणवतो. नाजूक भाग त्याहून फार कमी दाबाने बिघडतात.

३. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सैल करावी आणि हातपंपाने किंवा छोट्या ब्लोअरने थोड्या अंतरावरून हवा मारावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडल्यास ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होते.

४. पडदा किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसावा. पाणी थेट शिंपडू नये.

काय करू नये? तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब आत जातात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिच्यात पाणी व तेल असते आणि जोरही फार असतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नये, तिच्यावर स्थिर वीज साठते. वीजपुरवठ्याची डबी तर कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतकी वीज राहू शकते.

झाकण लावून यंत्र सुरू करावे आणि पंखा फिरतो का ते पाहावे. दर तीन-चार महिन्यांनी, विशेषतः गाळपापूर्वी, हे काम उरकावे. संगणक जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा. वारा खेळता राहावा म्हणून भिंतीपासून थोडे अंतर सोडावे. पिकाची निगा वेळेवर, तशी यंत्राचीही वेळेवर हवी.