गुरूची धाटणी, शिष्याचा हात

कोकेशी या बाहुलीला हात नाहीत, पाय नाहीत. गोल डोकं आणि सरळसोट धड, एवढाच तिचा देह. जपानच्या ईशान्येला तोहोकू हा डोंगराळ, बर्फाळ प्रदेश आहे. तिथले कातारी लाकडी वाडगे आणि तबकं कातून पोट भरत. शेतीची कामं उरकली की शेतकरी गरम पाण्याच्या झऱ्यांवर अंग शेकायला येऊन राहत. परतताना त्यांना पोरांसाठी काहीतरी न्यायला हवं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे कातारी बाहुल्या करू लागले.

झऱ्याझऱ्याची धाटणी वेगळी. परंपरेने अशा अकरा धाटण्या मानतात. त्सुचियूच्या बाहुलीच्या माथ्यावर एकात एक काळी वर्तुळं असतात, तोगात्ताच्या माथ्यावर लाल पाकळ्या उमलतात, तर त्सुगारूच्या पोटावर अनेकदा दारुमा या बौद्ध साधूचा चेहरा असतो. नारुकोच्या बाहुलीची मान फिरवली की ती कुईकुई आवाज करते. धड लेथवर गरगरत असतानाच त्यात डोकं दाबून बसवतात. ते घट्ट बसतं, तरी फिरतं.

लाकूड बहुधा मिझुकी या झाडाचं, पांढरं आणि बारीक पोताचं. साल काढून ते महिनोन् महिने वाळवतात. कातण्याची हत्यारं अनेक कारागीर स्वतःच ठोकून घडवतात. धडावरचे पट्टे लाकूड फिरत असताना कुंचला टेकवून ओढले जातात. खरी कसोटी चेहऱ्याची. भुवया, डोळे, नाक, ओठ, सगळं मिळून मोजके फटकारे. शाई लाकडात मुरते, चुकलेली रेघ पुसता येत नाही.

पुढे कारखान्यातली पत्र्याची आणि सेल्युलॉइडची खेळणी आली आणि मुलांच्या हातून कोकेशी सुटली. तिला सावरलं मोठ्यांनी. 1928 साली सेंदाईच्या अमाए तोमिया यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, संग्राहक वाढले आणि निनावी कातारी बाहुलीच्या तळाशी सही करू लागले. 1981 मध्ये मियागी प्रांतातल्या कोकेशीला जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘सर्जनशील कोकेशी’ बहरली. तिथे आकार आणि रंग कलावंताच्या मर्जीचे. परंपरेच्या कोकेशीत एवढी मोकळीक नाही. गुरूचाच आकार, गुरूचेच फटकारे. तरीही जाणकार नुसत्या डोळ्यांवरून कारागीर ओळखतात. मला ही कला थोर वाटते ती यासाठी. स्वतःचं वेगळेपण दाखवण्याची धडपड न करता वर्षानुवर्षं तोच चेहरा मन लावून रेखाटला, तर माणूस त्यात आपोआप उतरतो.