देशी वेळू व त्यांचीं माहेरें

पाडव्याची गुढी, धान्य पाखडण्याचें सूप, लग्नाचा मांडव आणि अखेरची तिरडी, या सर्वांस वेळू लागतो. तरीही वेळू म्हणजे काय, असें शहरांतील सुशिक्षित गृहस्थास विचारल्यास 'एक प्रकारचें झाड' हेंच उत्तर बहुधा मिळेल. या उत्तरांत दोन चुका आहेत. वेळू हें झाड नव्हे. गहूं, जोंधळा, ऊंस यांच्या कुळांतील तें गवत आहे. शिवाय तो एका प्रकारचाही नव्हे. भारतांत वेळूच्या सुमारें सव्वाशें देशी जाती असून प्रत्येकीचें माहेर ठरलेलें आहे.

गवत असल्यामुळें वेळूच्या वाढीची तऱ्हाही निराळी. वडाचें खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें. वेळूचा कोंब मात्र पावसाळ्यांत ज्या जाडीचा जमिनींतून वर येतो, ती त्याची कायमची जाडी. दोन-तीन महिन्यांत तो आपली पूर्ण उंची गांठतो, व पुढील दोन-तीन वर्षें टणक होण्यांत घालवितो. या वाढीची शिदोरी जमिनीखालचा कंद पुरवितो. आणि त्या कंदास किती पाणी व कसली माती मिळते, यावरच कोणता वेळू कोठें नांदेल हें ठरतें.

पाऊस बेताचा व उन्हाळा कडक अशा प्रदेशाचा धनी मानवेल होय. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली आणि मध्य प्रदेश येथील डोंगरउतारांवर, सागाच्या सोबतीनें तो वाढतो. कोरड्या जागीं त्याची काठी जवळजवळ भरीव होते; लाठीसाठीं त्याची ख्याति आहे ती यामुळेंच. कळकाची आवड याच्या उलट. त्यास नदीकांठची खोल, ओलसर माती हवी. ती मिळाली कीं तो ८०-९० फूट उंच जातो आणि बुंध्याशीं वांकड्या कांट्यांचें असें जाळें विणतो कीं, बेटांत हात घालणें कठीण. दक्षिण कोंकण व गोवा येथील माणगा बिनकांट्याचा व बहुतांशीं भरीव. तो रानांत क्वचितच आढळतो. परसांत व कुंपणाकडेला मात्र घरोघर. त्यास बीं बहुधा धरत नाहीं. शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या कंद लावले म्हणूनच तो टिकला.

केरळांत ओढ्यांच्या कांठीं चटयांसाठीं उपयोगी पडणारा ईटा, हिमालयाच्या थंड उतारांवर टोपल्यांचा बारीक रिंगाळ, तर अंदमानांत झाडांवर वेलीप्रमाणें चढणारा वेळू सांपडतो. परंतु या कुळाचें खरें वैभव ईशान्य भारतांत. निम्म्याहून अधिक जाती तेथेंच आहेत. त्यांपैकीं मिझोरमचा मौताक हा बेट करून राहत नाहीं. त्याचे कंद जमिनीखालून लांबवर धांवतात, आणि डोंगरचे डोंगर त्यानें व्यापले जातात.

हा मौताक सुमारें ४८ वर्षांनीं एकदाच फुलतो, सर्वत्र जवळजवळ एकाच सुमारास, आणि फळें गळून पडल्यावर मरून जातो. नासपतीएवढ्या त्या फळांवर उंदीर पोसतात, अतोनात वाढतात, आणि फळें संपतांच शेतांतील भाताकडे वळतात. असा फुलोरा १९११-१२ सालीं आला होता. तो पुन्हां येणार, ही सूचना १९५८ मध्यें मिझो जिल्हा परिषदेनें आसाम सरकारास दिली. ती मनावर घेतली गेली नाहीं. १९५९ सालीं दुष्काळ पडला. दुष्काळ-निवारणासाठीं उभ्या राहिलेल्या संघटनेंतून १९६१ सालीं मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष निघाला, १९६६ सालीं सशस्त्र बंड झालें, आणि समेट होण्यास १९८६ साल उजाडलें. पुढचा फुलोरा २००६-०७ च्या सुमारास, म्हणजे बरोबर हिशेबानेंच आला.

वेळूचा हा स्वभाव ओळखण्याची गरज आतां वाढली आहे. १९२७ च्या वन-कायद्यानें वेळूस झाडांत गणलें होतें. त्यामुळें स्वतःच्या शेतांतला वेळू तोडून नेण्यासही पुष्कळ ठिकाणीं परवाना लागे. २०१७ सालीं ती चूक दुरुस्त झाली, आणि रानाबाहेर वेळू लावणाऱ्यांची वाट मोकळी झाली. पण कोरड्या माळावर कळक लावणारा शेतकरी पस्तावेल. तेथें मानवेलच बरा. तसेंच एकाच बेटाचे कंद सर्व शेतभर लावले, तर त्या साऱ्यांचें वय एकच राहतें. मूळ बेटाची घटका भरली कीं सारें शेत एकदम फुलून वाळून जाण्याचा संभव असतो. म्हणून निरनिराळ्या बेटांचीं रोपें लावणें शहाणपणाचें. शिवाय रोप लावणाऱ्यानें त्याची जात व साल वहींत टिपून ठेवावें. कारण फुलोरा येईल तेव्हां तो पाहावयास बहुधा त्याचा नातूच बांधावर उभा असेल, आणि त्याच्या उपयोगी ती वहीच पडेल.