एक नाव, दोन सर्व्हर

इंदूरच्या आमच्या छोट्या बालरुग्णालयातील नवजात शिशुकक्षाचा एक जुना नियम आहे. बारशापूर्वी बाळाला नाव नसते. ते आईच्या नावानेच ओळखले जाते. कक्षात एकाच वेळी दोन सुनीता दाखल असल्या, की 'सुनीताचे बाळ' ही ओळख कुचकामी ठरते. म्हणून बाळाच्या पायातील पट्टीवर आईच्या नावासोबत नोंदणी क्रमांकही लिहिला जातो. बाळांच्या बाबतीत इतकी दक्षता घेणाऱ्या आम्ही संगणकांच्या बाबतीत मात्र ती घेतली नव्हती. त्याचा प्रत्यय गेल्या पावसाळ्यात आला.

चार वर्षांचा एक मुलगा घसा व ताप घेऊन आला. पडद्यावरील केसपेपर पाहून मी अमॉक्सिसिलिन लिहिले. आई संकोचाने म्हणाली, "डॉक्टर, मागच्या खेपेस याच औषधाने अंगभर गांधी उठल्या होत्या ना?" मी पुन्हा पाहिले. अ‍ॅलर्जीची नोंद नव्हती. किंबहुना ती मागची खेपच नव्हती. खालच्या औषधालयात फोन केला, तर तेथील पडद्यावर तांबड्या अक्षरांत ती नोंद ठळक दिसत होती. मुलाला दुसरे औषध देऊन घरी पाठवले. पण एकाच सर्व्हरवरचा एकच केसपेपर दोन ठिकाणी दोन प्रकारचा कसा, हा प्रश्न मनातून जाईना.

आमचा सर्व्हर म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे; एक बरा संगणक आणि त्याला जोडलेले पाच टेबलांवरचे पाच. चार महिन्यांपूर्वी नवा सर्व्हर घेतला, तेव्हा पाचही ठिकाणच्या जोडण्या बदलाव्या लागू नयेत म्हणून त्याला जुन्याचेच नाव दिले. हा सल्ला माझाच होता, हे येथे कबूल करतो. जुना बंद करून माडीवर ठेवला. त्या दिवशी सकाळी जुनी बिले शोधण्यासाठी हिशेबनिसांनी तो सुरू केला. नवा सर्व्हर रात्री बंद ठेवण्याची आमची पद्धत. तो नंतर चालू झाला.

विंडोजच्या लहान नेटवर्कमध्ये नावांचा कारभार आजही बऱ्याच ठिकाणी नेट-बायोस या जुन्या पद्धतीने चालतो. टीसीपी-आयपीवर ती कशी चालावी, याचे नियम मार्च १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणक सुरू होताच पुकारा करतो, 'हे नाव मी घेत आहे.' कोणी हरकत घेतली नाही, तर नाव त्याचे. आधीच कोणी ते घेतलेले असेल, तर तो नकार कळवतो आणि मागाहून आलेल्याला ते नाव मिळत नाही. आमच्याकडे जुन्याने नाव आधी घेतले. नव्याच्या पडद्यावर नाव दुबार असल्याची सूचना आली असणार. पण सर्व्हरचा पडदा पाहतो कोण? औषधालयातील जोडणी बसवताना मात्र नावाऐवजी आकडी पत्ता घातला गेला होता, म्हणून तेवढा एक संगणक खऱ्या सर्व्हरकडे जात राहिला.

निदानाला मोठी सामग्री लागत नाही. माझ्या टेबलावरून नावाने 'पिंग' केले, तर उत्तर १९२.१६८.१.२१ कडून आले. खऱ्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. सर्व्हरवर 'एनबीटीस्टॅट -एन' ही आज्ञा दिली, तर नावापुढे 'कॉन्फ्लिक्ट' असे लिहून आले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४३१९ क्रमांकाची नोंद दिसली, तर ती याच व्याधीची. दोन यंत्रांना एकच आकडी पत्ता मिळणे हा वेगळा आजार आहे. त्याची लक्षणे व उपचार यात मिसळू नयेत.

उपचारात क्रम महत्त्वाचा. प्रथम जुन्याची नेटवर्कची तार काढली, मग त्याचे नाव बदलले, नंतर खरा सर्व्हर पुन्हा सुरू केला. टेबलांवरचे संगणक जुने उत्तर साधारण १० मिनिटे स्मरणात ठेवतात. ते 'एनबीटीस्टॅट -आर' (हा आर मोठ्या लिपीतला) आणि 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' या आज्ञांनी पुसले. सगळीकडे नावाऐवजी आकडा घालून मोकळे व्हावे, असे एका तरुण सहकाऱ्याने सुचवले. मला ते पटले नाही. ताप उतरवला म्हणजे संसर्ग गेला असे होत नाही.

दुबार नाव नकळतही पडते. एका संगणकाची डिस्क दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवली, की नावही उतरते. शिवाय या पद्धतीत नावाची पहिली १५ अक्षरेच धरली जातात. इंग्रजीत 'चिल्ड्रनहॉस्पिटल' लिहिले, तर तेच १६ अक्षरे होते; पुढे १ लावा की २, नेटवर्कला दोन्ही सारखेच. क्रमांक आरंभी घालावा, किंवा नाव आखूड ठेवावे. कार्यगटाचे, म्हणजे वर्कग्रुपचे, नाव संगणकाला देऊ नये.

नावाचा घोळ अर्ध्या तासात मिटला. नोंदींचा मिटला नाही. सकाळपासून तपासलेल्या १४ मुलांची वजने, लसी, औषधे जुन्या सर्व्हरवर लिहिली गेली होती. ती एकेक वाचून, केसपेपराशी ताडून, नव्यावर चढवली. जुना आता केवळ वाचण्यापुरता खुला आहे, त्याचे नाव 'माडी' आहे, आणि सिस्टरांनी त्याच्या मुठीला शिशुकक्षातील एक पट्टी बांधली आहे. नाव आणि क्रमांक, दोन्ही लिहून.