रक्ताच्या रिपोर्टमधली दुर्लक्षित ओळ

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. डेंग्यूची साथ असेल तर प्लेटलेटच्या संख्येवर. जवळच 'एमपीव्ही' नावाचा एक आकडा असतो. तो प्लेटलेटचं सरासरी आकारमान सांगतो. लिंगाच्या ताठरतेची समस्या किती तीव्र आहे, याची खूण या आकड्यात सापडते का, याचा शोध संशोधक घेत आहेत. कुठे रक्ताचा थेंब आणि कुठे शय्यागृहातली अडचण! पण या दोहोंना जोडणारा दुवा खरोखरच आहे.

प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशींपासून सुटलेले तुकडे. व्यास जेमतेम 2 ते 3 मायक्रोमीटर, केंद्रक नाही, आयुष्य 7 ते 10 दिवसांचं. तरी शरीर रोज सुमारे 100 अब्ज प्लेटलेट घडवतं! इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांनी 1882 मध्ये दाखवून दिलं की रक्तवाहिनीला इजा झाली की हे कण तिथे धावून चिकटतात.

मग निरोगी वाहिनीत ते का चिकटत नाहीत? वाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि प्लेटलेटना शांत ठेवतं. आता गंमत पाहा. कामोत्तेजनेच्या वेळी लिंगातल्या मज्जातंतूंतून आणि अस्तरातून हाच वायू सुटतो. त्यामुळे पेशींत सीजीएमपी हा रेणू वाढतो, स्नायू सैलावतात, रक्त भरतं आणि ताठरता येते. प्लेटलेटना आवरणारा रेणूही सीजीएमपीच! या वायूचं कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेली व्हायग्रा याच सीजीएमपीला लवकर नष्ट होऊ देत नाही.

मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांनी अस्तर आजारलं की वायू कमी पडतो. मग एकीकडे वाहिनी पुरेशी उघडत नाही, दुसरीकडे प्लेटलेटवरचा लगाम सुटतो. मोठ्या आकाराच्या प्लेटलेट अधिक चिकट असतात. वाहिन्या आवळणारं थ्रॉम्बॉक्सेन त्या जास्त बनवतात. म्हणूनच पाच प्रश्नांच्या प्रमाणित चाचणीतून ताठरतेचे गुण काढून ते एमपीव्हीशी ताडून पाहिले जातात. रक्तवाहिन्यांमुळे समस्या असलेल्या पुरुषांत हा आकडा जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं. सगळ्या अभ्यासांचा मात्र एकच सूर नाही. शिवाय नळीत ठेवलेल्या रक्तातल्या प्लेटलेट वेळ जाईल तशा फुगतात, त्यामुळे मोजमाप बदलतं. एवढ्या एका आकड्यावर निदान होत नाही.

तरीही या आकड्यामागचा रक्तवाहिन्यांचा दुवा फार मोठी गोष्ट दाखवतो. लिंगाच्या धमन्या 1 ते 2 मिलिमीटर रुंद, हृदयाच्या 3 ते 4. बिघाड साऱ्या शरीरात एकाच वेळी सुरू झाला, तरी अरुंद धमनी आधी अडखळते. म्हणून ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांआधी कित्येकदा 2 ते 5 वर्षं येते. लाजेपोटी ती दडवली, तर हाती आलेली ही वर्षं वाया जातात. डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल, तर व्हायग्रासारखी गोळी मनानं कधीही घेऊ नका. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली आणतात.