दहा लाख पानांचा बॅकअप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावाचे नाव 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे राज्यभर पोहोचले. त्या आंदोलनानंतर 7 सप्टेंबर 2023 रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या आणि 1951 चे राष्ट्रीय रजिस्टर असे निजामकाळापासूनचे कागद बाहेर आले. त्यांतले काही उर्दूत होते, काही मोडीत. त्यांचे भाषांतर करून, ते डिजिटल करून लोकांसमोर ठेवायचे, असे सरकारने ठरवले.

या पानांचे मोल पुन्हा सांगायला नको. कुणबी प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या एका ओळीच्या नोंदीवर एखाद्या मुलीचा प्रवेश अडतो किंवा मार्गी लागतो. म्हणूनच स्कॅन झाल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो : ही पाने सुरक्षित कशी ठेवायची? स्कॅन केलेले एक पान म्हणजे साधारणपणे एक फाइल. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात अशा फायली लाखांत जाणार, हे सांगायला गणित लागत नाही. लाखो छोट्या फायलींचा बॅकअप हे काम मोठ्या फाइलच्या बॅकअपपेक्षा वेगळे आहे. त्याबद्दलचे काही पक्के गैरसमज इथे तपासू.

गैरसमज 1 : बॅकअपला किती वेळ लागेल, हे जीबीवरून कळते.

वस्तुस्थिती : वेळ फायलींच्या संख्येवरही ठरतो, आणि फायली छोट्या असतील तर मुख्यतः संख्येवरच ठरतो. समजा, प्रत्येकी 100 केबीची 10 लाख पाने आहेत. एकूण 100 जीबी झाले. हाच मजकूर एका सलग फाइलमध्ये असेल, तर सेकंदाला 150 एमबी वाचणारी साधी हार्ड डिस्क तो 11 ते 12 मिनिटांत वाचून काढते. पण फायली वेगवेगळ्या असतील, तर डिस्कचे वाचणारे टोक प्रत्येक फाइलसाठी जागा बदलते. एका हालचालीला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात. एकदा फाइलचा पत्ता शोधायचा आणि एकदा मजकूर उचलायचा, अशा दोनच हालचाली धरल्या तरी 10 लाख फायलींना 20,000 सेकंद, म्हणजे साडेपाच तास लागतात.

मोसंबीचा व्यवहार पाहिलेल्याला हे लगेच पटेल. माल कॅरेट भरून तोलला तर गाडी तासाभरात रिकामी होते. तोच माल एकेक फळ तोलून, प्रत्येकाची पावती फाडून घ्यायचा ठरवला, तर वजन तेवढेच राहूनही दिवस मावळतो.

गैरसमज 2 : एसएसडी बसवली आणि इंटरनेट वाढवले की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : एसएसडीमुळे मोठा फरक पडतो, कारण तिच्यात हलणारे टोकच नसते. तरीही प्रत्येक फाइल उघडणे, तिचे अधिकार तपासणे, अँटिव्हायरसने ती चाळणे आणि ती बंद करणे ही कामे उरतातच. नेटवरून बॅकअप जात असेल, तर आणखी एक अडचण येते. समोरच्या सर्व्हरची पोच येईपर्यंत 50 मिलिसेकंद गेले आणि फायली एकामागून एक पाठवल्या, तर 10 लाख फायलींसाठी 50,000 सेकंद, म्हणजे जवळजवळ 14 तास नुसत्या वाट पाहण्यात जातात. नळी रुंद केल्याने ही वाट कमी होत नाही. एका वेळी अनेक फायली समांतर पाठवल्या किंवा फायलींचे गठ्ठे बांधले, तर ती कमी होते.

गैरसमज 3 : रोज फक्त बदललेल्या फायली घेतो, म्हणजे काम पाच मिनिटांचे.

वस्तुस्थिती : काय बदलले, हे कळण्यासाठीच सगळी यादी फिरावी लागते. 1996 मध्ये आलेले आरसिंक हे लोकप्रिय साधन प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ दोन्ही बाजूंना ताडून पाहते. दिवसभरात 200 पाने बदलली असली, तरी तपासणी 10 लाखांची होते. रात्रभर चाललेला बॅकअप सकाळी कचेरी उघडेपर्यंत संपत नाही, याचे एक कारण बहुधा हेच असते.

यावरचा उपाय फायलींच्या खालच्या थरात आहे. झेडएफएससारखी फाइल सिस्टीम स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेते आणि दोन स्नॅपशॉटांमध्ये डिस्कवरचे नेमके कोणते ठोकळे बदलले, तेवढेच पाठवते. फायली मोजत बसण्याची गरजच उरत नाही. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही बदलांची रोजनिशी ठेवण्याची सोय आहे. ती वाचणारे बॅकअप सॉफ्टवेअर सगळी यादी चाळण्याचे टाळू शकते.

गैरसमज 4 : झिप केल्याचा फायदा जागा वाचण्यात असतो.

वस्तुस्थिती : जेपीईजी पाने आधीच दाबलेली असतात, त्यामुळे झिप करून जागा फारशी वाचत नाही. खरा फायदा संख्या घटण्यात आहे. एका गावाची हजार पाने एका गठ्ठ्यात गेली, की बॅकअपला हजाराऐवजी एकच फाइल दिसते. 1979 मध्ये युनिक्समध्ये आलेले टार हे साधन याच कामासाठी आहे. बोर्ग आणि रेस्टिक ही अलीकडची साधने छोट्या फायली आपोआप मोठ्या गठ्ठ्यांत भरतात.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. जुन्या दफ्तरांत कागद रुमालात बांधून ठेवत. कागद सुटा राहिला की हरवतो, हे त्या कारकुनांना पक्के ठाऊक होते. जुन्या नोंदींच्या बाबतीत तर हा मार्ग फारच सोयीचा, कारण 1951 चे पान आता बदलणार नाही. गावनिहाय गठ्ठा एकदाच बांधावा, सोबत आतल्या पानांची यादी आणि शा-256 पद्धतीचा पडताळणी आकडा ठेवावा. एकच अवाढव्य गठ्ठा मात्र करू नये. तो बिघडला तर त्यातली सगळीच पाने धोक्यात येतात.

गैरसमज 5 : डिस्कवर जागा आहे, म्हणजे फायली मावतील.

वस्तुस्थिती : लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलला एक इनोड, म्हणजे तिच्या नोंदीची जागा, लागतो आणि इनोडांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. नेहमीचे प्रमाण 16 केबीला एक असे आहे, म्हणजे 1 टीबीला सुमारे 6 कोटी. पानांसोबत लघुचित्रे आणि इतर बारीक फायली साठत गेल्या, तर जागा शिल्लक असूनही इनोड संपतात आणि ‘जागा नाही’ असा संदेश येतो. शिवाय नेहमीच्या मांडणीत 1 केबीची फाइलही डिस्कवर 4 केबी जागा अडवते.

गैरसमज 6 : रेड आहे, सिंक चालू आहे, मग बॅकअप कशाला?

वस्तुस्थिती : रेड, म्हणजे अनेक डिस्कांची जोडणी, एखादी डिस्क बिघडण्यापासून वाचवते, चुकून पुसण्यापासून नाही. सिंक तर ती चूक दुसऱ्या जागीही इमानाने उतरवते. खंडणीखोर व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम म्हणूनच महत्त्वाचा ठरतो : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत तरी तारेपासून सुटलेली आणि जिल्ह्याबाहेर असावी.

गैरसमज 7 : ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश आला, म्हणजे काम झाले.

वस्तुस्थिती : 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण एकही भरवशाने चालत नव्हती, हे तेव्हा उघडकीस आले. अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. तरी सुमारे सहा तासांची माहिती गेली, आणि ही सगळी चूक कंपनीने स्वतः जगापुढे मांडली.

छोट्या फायलींच्या बाबतीत ही परीक्षा आणखी कठीण असते, कारण परत आणताना प्रत्येक फाइल नव्याने तयार करावी लागते. बॅकअपला सहा तास लागले, म्हणून परत आणायलाही सहाच लागतील असे धरून चालू नये.

त्यामुळे दर तीन महिन्यांनी दोन कसोट्या घ्याव्यात. पहिली : मंठा किंवा जाफ्राबाद तालुक्यातल्या कोणत्याही एका गावाचे एक पान बॅकअपमधून काढून उघडून पाहावे. दुसरी : एक पूर्ण तालुका रिकाम्या संगणकावर परत आणावा, लागलेला वेळ लिहून ठेवावा आणि पाने यादीशी ताडून मोजावीत. किती जीबी साठवले हा आकडा वहीत असू द्या. पण नोंद शोधत तहसीलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हवे असते ते एकच पान, आणि ते आजच हवे असते. ते पान हाती देता आले, तरच बॅकअप झाला म्हणावे.