घाटात शहाणी, सपाटीवर वेडी!

मोटार साफ बंद पडली तर एकवेळ परवडते. दोर बांधावा, गॅरेजपर्यंत ओढत न्यावी, मिस्त्री दोष काढून देतो. खरा मनस्ताप देते ती चालणारी मोटार! चांगली पळता पळता मध्येच आचका देते, दोन ठोके गिळते आणि पुन्हा पळू लागते. मिस्त्रीच्या दारात उभी केली की मात्र अशी गुणी होते, की तक्रार सांगणाराच खुळा ठरावा. डॉक्टर उंबऱ्यात आले की ताप उतरणारी मुले असतात ना, त्यातलाच हा प्रकार. गॅरेजात या दुखण्याला ‘मिसिंग’ म्हणतात. अशाच एका मिसिंगपायी आमच्या मामांचा तीस वर्षांचा घरोबा तुटायची वेळ आली होती, त्याची ही हकीकत.

आधी दुखण्याची ओळख करून घेऊ. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले. हवा आणि इंधन आत ओढायचे, दाबायचे, पेटवायचे आणि जळका वायू बाहेर टाकायचा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर! प्रत्येक ठिणगी नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणी पडावी लागते. त्यातल्या पाच-दहा जरी चुकल्या, तरी बसणाऱ्याच्या पाठीला ते लगेच कळते.

जुन्या गाड्यांत ठिणग्यांची ही वाटणी डिस्ट्रिब्यूटर करतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला सरसकट ‘डेल्को’ म्हणतात. हे नाव आले अमेरिकेतून. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली ओहायोतील डेटन गावी एक कंपनी काढली, तिच्या नावातील आद्याक्षरांचा हा शब्द. बॅटरीच्या जोरावर ठिणगी पाडण्याची केटरिंग यांची युक्ती मोटारींनी पुढे कित्येक दशके वापरली. डेल्कोच्या पोटात ‘पॉइंट’ नावाची एक चिमुकली कळ असते. ती मिटली की कॉइलमधून वीज वाहते. ती उघडली की वाहणे तुटते आणि त्या झटक्यासरशी बॅटरीच्या १२ व्होल्टांतून हजारो व्होल्टांची ठिणगी उडते.

आता मामांच्या गाडीकडे वळू. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात तयार झालेली, दोनच माणसांची, उघड्या टपाची लालभडक स्पोर्ट्स कार! मामी तिला ‘सवत’ म्हणतात, यावरून काय ते ओळखावे. कारखान्याचे नाव मुद्दामच सांगत नाही. पन्नाशी उलटलेल्या यंत्राला एखादे दुखणे झाले, तर तो दोष वयाचा. २०१७ सालच्या हिवाळ्यात ही गाडी मिसिंग करू लागली.

पुण्याचे आमचे मिस्त्री जुन्या वळणाचे, हाताला चव असलेले. त्यांनी प्लग बदलले, प्लगच्या तारा बदलल्या, मग पॉइंट आणि कंडेन्सर, मग कॉइल, मग कॅप आणि रोटर. दोन्ही कार्बुरेटर उघडून धुतले. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात सतारीसारखी वाजे आणि मामा ती रस्त्यावर घेऊन गेले की पुन्हा आचके देई. तिसऱ्या बिलावर मामांचा तोल सुटला.

“मिस्त्री, माल जुनाच घालता आणि पैसे नव्याचे लावता की काय?”

मिस्त्री काही बोलले नाहीत. जुने काढलेले सगळे सामान त्यांनी एका डब्यात भरून मामांपुढे ठेवले आणि म्हणाले, “साहेब, आता हेड उघडायचे तेवढे राहिले. ते दुसरीकडून करून घ्या. माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

हेड उघडायचे म्हणजे इंजिनाची शस्त्रक्रियाच. मोठा खर्च, विलायतेहून सामान, आणि दोष तिथे असेलच याची खात्री कुणाला? मामांनी गाडी विकायची भाषा सुरू केली. मी पॉलिटेक्निकात शिकवतो. मामांनी मला बोलावले. “अरे, पोरांना इंजिनं शिकवतोस ना? मग सांग, खोटं कोण बोलतंय? मी की तो?”

मला वाटत होते, दोघेही खरे बोलत असतील. गॅरेजात दुखणे दिसत नाही आणि रस्त्यावर दिसते, ही भांडणाची बाब नव्हेच. हा तर पुरावा आहे! तेव्हा आणखी काही बदलण्याआधी गाडीला तीन प्रश्न विचारायचे ठरवले.

पहिला प्रश्न: दुखणे एका सिलिंडरचे की चौघांचे? मिस्त्रींनी हे आधीच पाहिले होते. इंजिन चालू असताना एकेका प्लगची तार जपून काढली, तर चारही वेळा इंजिन सारखेच मंदावत होते. म्हणजे चौघेही कामकरी. दोष होता तो चौघांच्या सामायिक वाटेवर.

दुसरा प्रश्न: पेट्रोल की ठिणगी? हा विचारायला आम्ही एका रविवारी पहाटे साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. मामा चालवत होते, मी शेजारी वही घेऊन. या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा आहे आणि तो विजेच्या स्पंदांवर चालतो. शिरवळच्या आसपास सपाट रस्त्यावर गाडीने आचका दिला आणि त्याच क्षणी काटा टुणकन खाली पडून पुन्हा वर आला. चाकांसकट फिरणारे इंजिन एका क्षणात थांबून पुन्हा पळू शकत नाही. तेव्हा थांबली होती ती वीज. पेट्रोलची बाजू निर्दोष सुटली आणि संशय कॉइल ते पॉइंट एवढ्याच वाटेवर येऊन ठेपला.

तिसरा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत मोलाचा: केव्हा? पुढे खंबाटकीचा घाट लागला. आता गाडी पुरती हैराण करणार, अशी मी मनाची तयारी केली. पण ती शिंगरासारखी टपटप चढून गेली. एकही आचका नाही! घाट उतरून सपाटीला लागलो आणि पुन्हा मिसिंग.

“मामा, घाटात पाय कुठे होता तुमचा?”

“कुठे म्हणजे? पार तळाला.”

“आणि सपाटीवर?”

“अर्ध्यावरसुद्धा नसेल.”

मग पायाखालचा पेडल अर्धवट दाबलेला असतानाच इंजिनात काय हलते? उत्तर डेल्कोतच होते. हलक्या पायाने चालताना सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल विरळ जाते आणि विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी कार्बुरेटरपासून डेल्कोपर्यंत एक बारीक नळी येते. तिच्यातला हवेचा ओढा एका पडद्याला खेचतो आणि पडदा पॉइंटखालची चकती काही अंश फिरवतो. पेडल तळाला गेला की ओढा ओसरतो आणि चकती मूळ जागी परतते. गाडी नुसती जागेवर घुरघुरत असतानाही या गाडीत चकती हलत नाही.

चहाच्या टपरीपाशी थांबून मी ती नळी डेल्कोवरून काढली आणि तिचे मोकळे तोंड एका स्क्रूने बंद केले. परतीच्या वाटेवर गाडी जराशी सुस्त वाटली, पण पुण्यापर्यंत एक ठोका चुकला नाही.

मामांना घेऊन तडक गॅरेज गाठले. मिस्त्रींनी इंजिन चालू केले आणि डेल्कोला दुसरी नळी जोडून मामांच्या हाती दिली. “शहाळ्याचं पाणी ओढता तसं ओढा, साहेब!” मामांनी ओढले आणि तीस महिन्यांच्या बाळासारखे शांत घुरघुरणारे इंजिन ठसकले. सोडले की शांत, ओढले की ठसका! तीन बिले होऊनही गॅरेजात न दिसलेले मिसिंग आता सर्वांसमोर उभे होते.

मिस्त्रींनी कॅप काढून चकतीला जोडलेली बोटभर लांबीची अर्थिंगची तार चिमट्यात धरली. वरचे आवरण धडधाकट. आतले तांब्याचे तंतू मात्र वर्षानुवर्षांच्या हालचालीने तुटलेले. चकती जागेवर असली की तुटकी टोके एकमेकांना टेकत. चकती फिरली की तार ताणली जाई, टोके सुटत आणि वीज खुंटे. पॉइंट बदलताना ही तार बदलावी लागत नाही, म्हणून ती प्रत्येक दुरुस्तीतून बचावली होती. मिस्त्रींनी मऊ, बारीक तंतूंची नवी तार जोडली. मामा गाडीतून एक फेरी मारून आले, डब्यातले जुने सामान त्यांनी परत मिस्त्रींच्या फळीवर ठेवले आणि म्हणाले, “मिस्त्री, परवा बोललो ते मागे घेतो.” मिस्त्रींनी पोराला चहा सांगितला.

आजच्या गाड्यांत डेल्को नाही. संगणक प्रत्येक ठिणगीवर नजर ठेवतो आणि चूक झाली की खूणक्रमांक लिहून ठेवतो. अमेरिकेत १९९६ सालापासून नव्या मोटारींना अशी एकसारखी पद्धत सक्तीची झाली. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, ‘पी ०३००’ म्हणजे ठिकाण नक्की नसलेले. पण खूणक्रमांक कारण सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर यांपैकी कोण, ते शोधावेच लागते. म्हणून तो संगणकही क्रमांकाबरोबर त्या क्षणीचा वेग, इंजिनावरचा भार आणि उष्णता टिपून ठेवतो. म्हणजे ‘केव्हा?’ हा प्रश्न त्यालाही चुकलेला नाही.

तेव्हा वाचकहो, आपली गाडी मिसिंग करू लागली, तर गॅरेजात जाण्यापूर्वी एका चिठ्ठीवर एवढे लिहा: इंजिन गार होते की तापलेले? चढ होता की सपाटी? पेडल किती दाबलेला होता? पाऊस होता की कोरडे? आणि शक्य तर मिस्त्रींना शेजारी बसवून त्याच रस्त्याने घेऊन जा. आमच्या मामांनी तर गाडीत एक वहीच ठेवली आहे. मिस्त्री आता बॉनेट उघडण्याआधी ती वही मागतात.